शंभर ग्रॅम, पाहुण्यांसाठी

माझा जन्म माटुंग्याचा. म्हणजे घरात मराठी आणि जिन्यात तमीळ. आमच्याकडे कॉफी व्हायची ती कोजागरीला, नाहीतर पाहुण्यांत कुणी चहा न पिणारा निघाला तर. भरपूर दूध, भरपूर साखर, वर किसलेलं जायफळ. जागरणासाठी कॉफी करायची आणि तिच्यात झोप आणणारं जायफळ घालायचं, यामागचा हिशेब मला अजून लागलेला नाही. खरी कॉफी पाजली ती वरच्या मजल्यावरच्या मामींनी, माझ्या बारावीच्या परीक्षेत. पितळी फिल्टर, रात्रीच टाकून ठेवलेलं डिकॉक्शन, पसरट वाटीसारखा डबरा आणि टंबलर. तिथून पुढे चौतीस वर्षं मी दिवसाला चार-पाच टंबलर कॉफी प्यायले. मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायला बसायचं तर हाताशी काहीतरी गरम लागतंच.

गेल्या वर्षी कॉफी सोडली. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. मला ऱ्हस्व-दीर्घ कळतं, तेवढ्या अधिकाराने वाचावं.

१. थकवा ही तक्रार असते. कॉफी ती ऐकू येऊ देत नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी स्टेशनचा पूल चढताना मला मध्येच थांबावं लागायला लागलं. थांबायला कारण दिसावं म्हणून मी पिशवीतून मोबाइल काढून उगाच बघायचे. दोन वर्षं पाळीत अंगावरून फार जात होतं, ते ‘या वयात व्हायचंच’ म्हणून सोडून दिलेलं. थकवा आला की कॉफी, तिचा जोर ओसरला की पुन्हा कॉफी. चाराचे पाच झाले, पाचाचे सहा. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीत एखादा ठोका चुकल्यासारखा व्हायला लागला, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, “किती दिवस अशाच हिंडताय?”

ईसीजी ठीक निघाला. हिमोग्लोबिन ८.६. बायकांचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. फेरिटिन, म्हणजे शरीराच्या तिजोरीतलं लोह, ६. शेजारी छापलेली खालची मर्यादाच त्याच्या दुपटीहून जास्त होती. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या, त्यांचे उपचार वेगळे झाले. रक्त कमी झालं ते त्या गाठींमुळे, कॉफीमुळे नव्हे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण दोन वर्षं ते मला कळू दिलं नाही, ते मात्र कॉफीनेच.

नंतर एका आरोग्यविषयक पुस्तकाची मुद्रितं तपासताना यामागची यंत्रणा वाचली. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की अंग जड होतं, झोप येते. कॅफीनचा आकार त्याच्याशी मिळताजुळता, म्हणून ते या जागांवर आधीच रुमाल टाकून ठेवतं, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. ॲडिनोसिन गाडीत चढतच राहतं, फक्त बसायला जागा नाही म्हणून उभं असतं. काही तासांनी रुमाल उचलले गेले की उभी असलेली सगळी गर्दी एकदम बसते. रोज असं केलं तर मेंदू जागाच वाढवतो, मग रुमालही जास्त लागतात. चाराचे पाच आणि पाचाचे सहा होतात ते असे.

२. गोळी कशाबरोबर घेतली, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसलं तरी विचारावं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मी त्या नेमाने घेतल्या, रोज सकाळी नाश्त्यानंतर, आणि वर कॉफी. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.९. बाईंनी गोळ्यांचं पाकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गोळी कशाबरोबर घेता ते विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण पेन खाली ठेवलं.

कॉफीतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं पोटात लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ साली अमेरिकेत यावर एक प्रयोग झाला होता. माणसांना हॅम्बर्गर खायला दिला आणि त्यातलं किती लोह अंगी लागतं ते मोजलं. बरोबर एक कप कॉफी दिली तेव्हा ते ३९ टक्क्यांनी घटलं, चहा दिला तेव्हा ६४ टक्क्यांनी. म्हणजे चहावाल्यांनी माझ्याकडे बघून हसायचं कारण नाही. मला त्यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटली: कॉफी जेवणाआधी तासभर घेतली तर काही बिघडत नाही, पण जेवणानंतर तासाने घेतली तरी बरोबर घेतल्याइतकंच नुकसान. आणि आपल्याकडे तर जेवण झाल्यावरच कॉफी विचारतात!

मग सोडायची कशाला, वेळ बदलली असती तर चाललं नसतं का? चाललं असतं, दोन कपवाल्या माणसाला. मी सहा टंबलर आणि तीन वेळचं खाणं कागदावर मांडून पाहिलं. मध्ये लोहाच्या गोळीला जागाच उरत नव्हती. त्यात सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी. ती पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा-एक तास कॉफीला हात लावायचा नसतो, आणि मी ती वर्षानुवर्षं कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर गिळत होते.

३. संकल्प पाडव्याला करावा, पण कॉफी पाडव्याला एकदम सोडू नये.

मी सोडली. गुढी उभारली, कडुनिंबाची पानं चावली, आणि मामींनी दिलेला फिल्टर घासून-पुसून माळ्यावर टाकला. पहिला दिवस स्वतःला फार थोर समजण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांच्या मागून दुखायला लागलं, संध्याकाळपर्यंत कवटीला फडकं घट्ट बांधल्यासारखं झालं. मळमळ, चिडचिड, अंगात कणकण. ताप आला म्हणून थर्मामीटर लावला, तर ९८.४. शेवटी घरातली डोकेदुखीची एक गोळी घेतली आणि अर्ध्या तासात लख्ख बरी झाले. इतकी बरी की संशय आला. चष्मा लावून पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, ते माझं रोजचंच काम. पॅरासिटामोल, आणि कॅफीन. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत ते घातलेलं असतं. संकल्प छत्तीस तासांत मोडला, तो असा.

ही डोकेदुखी मनाचे खेळ नसते. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत ती सुरू होते, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जोरात असते आणि नऊ दिवसांपर्यंत टिकू शकते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या ग्रंथाची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली, तिच्यात कॅफीन सोडल्यावर होणाऱ्या या त्रासाला स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आपल्या डोकेदुखीला ग्रंथाचा आधार आहे म्हटल्यावर कुणालाही वाटेल.

दुसऱ्या खेपेला रीतसर केलं. फिल्टर माळ्यावरून खाली आला. माझी पूड ८०-२० ची असायची, म्हणजे ८० भाग कॉफी, २० भाग चिकोरी. दुकानात जाऊन ६०-४० मागितली. दळणाऱ्याने एकदा वर बघितलं. चिकोरी वाढवून मागणारं गिऱ्हाईक त्याच्या लेखी पैशाने खचलेलं असणार. पुढच्या आठवड्यात नुसती चिकोरी वेगळी घेतली आणि घरीच मिसळायला लागले, दर आठवड्याला एक चमचा कॉफी कमी, एक चमचा चिकोरी जास्त. टंबलरही कमी केले, पण शेवटून सुरुवात करून: आधी रात्रीचा, मग संध्याकाळचा. सकाळचा पहिला सगळ्यांत शेवटी. सहा आठवडे लागले. डोकं एकदाच दुखलं, आणि त्या दिवशी ऊन होतं.

४. त्या सहा आठवड्यांत महत्त्वाचं काम घेऊ नये.

मी घेतलं. एका कादंबरीची दुसरी मुद्रितं. प्रकाशकांकडून फोन आला, “ताई, तब्येत बरी आहे ना?” पान ११२ वर ‘आणि’चं ‘आणी’ तसंच राहिलं होतं, आणि नायिकेचं नाव एका परिच्छेदात बदललेलं मला दिसलंच नव्हतं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. सांगून टाकलं, कॉफी सोडते आहे. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, “मग पंधरा दिवस उशिरा द्या.”

५. चारची कॉफी चारला संपत नाही.

घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. म्हणजे दुपारी चारला प्यायलेल्या टंबलरातला अर्धा रात्री नऊला अंगात असतो आणि पाव टंबलर पहाटे दोनला. मी त्या वेळी छताकडे बघत वयाला दोष द्यायचे. दुपारची कॉफी बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी सहाचा गजर ऐकूच आला नाही. असं शेवटचं कधी झालं होतं, आठवेना.

६. कॉफीसारखं लागणारं काही शोधत बसू नये.

हे कळायला मला सगळ्यांत जास्त वेळ आणि पैसे लागले.

पहिल्यांदा डिकॅफ आणली. यातलं कॅफीन काढलेलं असतं, थोडंसं उरतं तेवढंच. ही कल्पना जुनी, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांनी १९०६ च्या सुमारास ती बाजारात आणली. पण माझं दुखणं लोहाचं, आणि लोहाला अडवणारी पॉलिफेनॉलं डिकॅफमध्येही असतातच. शिवाय चव अशी की नातेवाईक ओळखीचा वाटावा आणि जवळ गेल्यावर दुसराच निघावा.

मग नुसती चिकोरी. ही कासनीची मुळं असतात, वाळवून भाजलेली. आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकतात. १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडची नाकेबंदी केली, युरोपात कॉफी येईना, तेव्हा तिथे चिकोरी घरोघर पोचली. मुळात टंचाईचं पेय. कॅफीन अजिबात नाही, रंग झकास, कडवटपणा पुरेसा. पण तिच्यात इन्युलिन नावाचा तंतू भरपूर असतो, आणि कॉफीच्या मापाने नुसती चिकोरी दिवसातून तीनदा प्यायलं की पोटात काय होतं, ते मी लोकलच्या बायकांच्या डब्यात उभी राहून अनुभवलं.

मग भाजलेले जव. जपानात याचाच ‘मुगिचा’ करतात, उन्हाळ्यात गार करून पितात. वाईट नाही. पण मी तो डबऱ्यात ओतून दूध घातलं, आणि तो आजाऱ्याचा आहार झाला. चूक जवाची नव्हती.

कहर टाकळ्याने केला. राजापूरकडच्या माझ्या मावशीने ऐकलं, ‘पोरगी कॉफी सोडतेय’ (पोरगी बावन्न वर्षांची), आणि कुणाच्या तरी हाती टाकळ्याच्या बियांची पुरचुंडी पाठवली. पावसाळ्यात ज्याची आपण भाजी करतो तोच टाकळा. पाऊस सरला की त्याच्या लांब शेंगा वाळतात, आत तपकिरी, गुळगुळीत बिया. भाजून दळल्या की वास खरोखर कॉफीच्या वळणाने जातो. कोरिया-जपानातही याच कुळीच्या बिया भाजून पितात. पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, सापडलं! दोन दिवस मी मावशीचे गुण गात होते. टाकळा सौम्य रेचक असतो, हे मावशीने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाली, “अगो, मग पोट साफ झालं म्हण की.”

एवढ्या खटाटोपानंतर एक लक्षात आलं. जे जे कॉफीच्या जवळ जात होतं, ते प्यायल्यावर कॉफीची जास्त आठवण येत होती. गवती चहा प्यायला की मला गवती चहा प्यायल्यासारखं वाटायचं. चिकोरी प्यायली की फसवल्यासारखं.

७. वरच्या मजल्यावर आधी विचारावं.

वैशाखात मामींकडे गेले. त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. मी म्हटलं, “मामी, मला कॉफी नको, सोडली.” त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या हसल्या आणि स्वतःचा टंबलर माझ्यापुढे केला. आत कॉफी नव्हतीच. सुंठ, धने आणि ताडगुळाचं काळसर, झणझणीत पाणी. त्यांच्याकडे याला सुक्कु कापी म्हणतात, सुक्कु म्हणजे सुंठ. नावात कापी आहे, कॉफीचा दाणा नाही. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी कॉफी बंद केल्यापासून गेली सहा वर्षं त्या हेच पीत होत्या, माझ्यासमोर बसून. स्टीलच्या टंबलरमध्ये काय आहे ते समोरच्याला दिसत नाही.

“सांगितलं का नाहीत?”

“अगं, तू कधी विचारलंस?”

कृती त्यांच्या हाताची अशी. वाटीभर धने मंद आचेवर भाजायचे, मसाल्याला भाजतो तसे नव्हे, त्याहून पुढे, रंग तांबूस-काळसर होईपर्यंत. धन्याचा ओला, हिरवट वास जाऊन सुकामेवा भाजल्यासारखा वास यायला लागला की गॅस बंद. पाव वाटी सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्यायची, नाहीतर मिक्सरचं पातं जातं (माझं गेलं). चमचाभर जिरे, सात-आठ मिरी, दोन वेलदोडे. सगळं जाडसर दळायचं, पूड पिठासारखी झाली तर गाळताना चिखल होतो. कपभर पाण्याला एक चमचा पूड, सुपारीएवढा ताडगूळ, पाच-सात मिनिटं उकळी. दूध नको. घालायचंच असेल तर गॅसवरून उतरवल्यावर, नाहीतर गुळाने फाटतं.

मग गाळायचं, आणि डबऱ्यातून टंबलरात, टंबलरातून डबऱ्यात. मामी हात खांद्याएवढा वर नेतात, मी छातीपर्यंत. यातही एक शहाणपण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं सांगितलं. पेय कुठलंही असो. डबऱ्यात चार-पाच वेळा वरखाली केलं की टंबलर धरता येतो, आणि टंबलर धरता आला की पिता येतं.

पहिल्या दिवशी घशाला आग लागली. चौथ्या दिवशी मी मुद्रितांच्या गठ्ठ्याशेजारी टंबलर ठेवून बसले आणि तासाभराने पाहिलं तर तो रिकामा होता, कधी संपला ते कळलंच नव्हतं. कॉफीचंही असंच व्हायचं. एकच पथ्य पाळते: हाही काढाच, म्हणून लोहाची गोळी आणि तो यांच्यात दोन तास. गोळी आता लिंबूपाण्याबरोबर.

८. ‘नको’ एवढं उत्तर मराठी घरात पुरत नाही.

“चहा?” नको. “मग कॉफी टाकते.” नको, सोडली आहे. “अर्धा कप?” अर्ध्या कपात कॉफी नसते अशी आपली समजूत आहे. कारण सांगितलं तर आणखी पंचाईत: लोह म्हटलं की बीट, खजूर, लोखंडी कढई आणि कुणाच्या तरी वहिनींची हकीकत ऐकावी लागते. आता मी दारातूनच सांगते, “थोडं ताक असेल तर द्या.” काहीतरी मागितलं की यजमान सुटतात. नाकारलं की अडकतात.

९. सोडलेल्या वस्तूची निंदा करू नये.

नव्याने सोडलेला माणूस फार उपदेश करतो. मीही पहिले दोन महिने केला. भाच्याला ‘विष’ वगैरे म्हटलं. त्याने शांतपणे सांगितलं की गरम पेयांबद्दल सांगणाऱ्या त्याच कर्करोगविषयक संस्थेने २०१६ सालीच कॉफीला कर्करोगाच्या संशयितांच्या यादीतून काढलं, १९९१ पासून ती तिथे होती. आणि धडधाकट माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे ढोबळमानाने चार कप, चालतं असं अमेरिकेचं आणि युरोपचं अन्नखातं दोघंही म्हणतात. बरोबर आहे. माझ्या शरीराचा आणि तिचा हिशेब जुळेना, इतकंच.

डिसेंबरात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ३८. पूल एका दमात चढते, मोबाइल पिशवीतच असतो. बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, “आता एखादा कप घ्यायला हरकत नाही. सकाळी, खाण्यापासून लांब.” मी ‘हो’ही म्हटलं नाही, ‘नाही’ही.

परतताना स्टेशनबाहेरच्या फुलांच्या गल्लीतून आले. तिथून कॉफीच्या दुकानाचा वास येत नाही, मोगऱ्याचा येतो, म्हणून महिनोन्‌महिने मी तीच वाट धरली होती. त्या दिवशी वळसा घेतला. दळणारा तोच. यंत्र सुरू होतं, कोमट पूड पिशवीत पडत होती. त्याने मला ओळखलं आणि विचारलं, “८०-२० ना? अर्धा किलो?”

“शंभर ग्रॅम,” मी म्हटलं. “पाहुण्यांसाठी.”

पाहुणे कोण, ते त्याने विचारलं नाही.